नोकरी सांभाळून ग्रंथालयशास्त्र

मी दिवसभर ग्रंथालयात देवघेवीच्या काउंटरवर असते, म्हणूनच ग्रंथालयशास्त्राच्या पदवीसाठी दूरशिक्षण निवडलं. पगार चालू राहतो, आणि रात्री वाचलेलं सकाळी कपाटापाशी वापरता येतं. प्रवेशाआधी पदवीला मान्यता आहे ना, एवढं मात्र पक्कं करा.

वर्गीकरण नुसतं वाचून येत नाही. परत आलेली पाच पुस्तकं रोज बाजूला काढा, अनुक्रमणिका चाळा, ड्युई दशांश क्रमांक (पुस्तकाच्या विषयानुसार कपाटातली जागा सांगणारा आकडा) स्वतः ठरवा, मगच पुस्तकाच्या पाठीवरची चिठ्ठी बघा. मधमाशीपालनाचं पुस्तक मी खुशाल ५९५ मध्ये, कीटकांच्या शेजारी टाकलं होतं. ते निघालं ६३८ मध्ये, शेतीच्या घरात! माशी कोण आहे यापेक्षा ती कशासाठी पाळली, हे तिथे महत्त्वाचं.

स्वाध्याय शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका. तालिकीकरणाच्या, म्हणजे पुस्तकांची सूची करण्याच्या, नोंदी लिहिताना हात भरून येतो.