पंखा नको, जूनमधली फी भरा: छोट्या ख्रिस्ती कॉलेजला दरवर्षी देणगी देताना

आमच्या कॉलेजच्या एका वर्गात चार पंखे आहेत आणि चारही पंख्यांच्या पात्यांवर देणगीदारांची नावं रंगवलेली आहेत. पंखा सुरू केला की नाव वाचता येत नाही, ते जाऊ द्या. पण त्याच वर्गाचं वीजबिल आणि तिथे तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या सरांचं मानधन कुणाच्याच नावावर नाही. मी बँकेतून निवृत्त झाले, आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, पंचकमिटीत खजिनदार होते, आणि आता आमच्या माजी विद्यार्थ्यांच्या देणग्यांचा हिशोब बघते. लोक विचारतात, "ताई, कॉलेजला काहीतरी द्यायचंय, काय देऊ?" माझं उत्तर ठरलेलं: थोडं द्या, पण दरवर्षी द्या, आणि कधी देणार ते आधी सांगा.

मुंबईचं विल्सन, नागपूरचं हिस्लॉप किंवा १९४७ साली डॉ. हिवाळे यांनी उभं केलेलं अहमदनगर कॉलेज, यांच्याबद्दल मी बोलत नाही. त्यांचे माजी विद्यार्थी जगभर आहेत. मी बोलतेय तालुक्याच्या गावातल्या कॉलेजबद्दल: दोन इमारती, एक वसतिगृह, प्रयोगशाळेत गळणारं छप्पर. सरकारी अनुदान येतं ते मुख्यतः मंजूर पदांच्या पगारापुरतं. विनाअनुदानित तुकड्या, वसतिगृह, डागडुजी हे सगळं संस्थेच्या अंगावर. पूर्वी मिशनकडून पैसे यायचे, म्हणून आमच्या लोकांना अजून वाटतं की कुणीतरी परदेशातून पाठवत असेल. कुणी पाठवत नाही.

त्यात आमच्या मुलांची एक वेगळी अडचण. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातींचा दर्जा आधी जवळपास फक्त हिंदूंना होता, १९५६ साली शिखांना मिळाला, १९९० साली बौद्धांना. दलित ख्रिस्ती अजून बाहेरच. म्हणजे एकाच वस्तीतली, एकाच परिस्थितीतली दोन मुलं फीच्या खिडकीशी उभी राहतात. एकाकडे अनुसूचित जातीची शिष्यवृत्ती असते, दुसऱ्याकडे बापाने उसने आणलेले पैसे. ज्याला शिष्यवृत्ती आहे त्याचीही रक्कम वेळेवर येईलच असं नाही, पण परीक्षेचा फॉर्म भरायची तारीख तिच्यासाठी थांबत नाही.

म्हणून पहिली गोष्ट, देणगी मार्चअखेर देऊ नका. कर वाचवायचा म्हणून लोक ३१ मार्चच्या आठवड्यात पैसे पाठवतात आणि संस्थेची पंचाईत होते. करसवलत टिकवायची तर संस्थेला वर्षाच्या उत्पन्नाचा ८५ टक्के भाग उद्दिष्टांसाठी वापरावा लागतो. शेवटच्या आठवड्यात आलेला पैसा खर्चायचा कधी? त्यासाठी वेगळा फॉर्म, वेगळी धावपळ. जूनमध्ये प्रवेश असतात, तेव्हा द्या. नाहीतर दर महिन्याला द्या. बँकेत स्टँडिंग इन्स्ट्रक्शन देणं हे दहा मिनिटांचं काम आहे. महिना ५०० रुपये म्हणजे वर्षाला ६,०००. अशी वीस माणसं असतील तर प्राचार्यांना एप्रिलमध्येच कळतं की यंदा १,२०,००० येणार आहेत, आणि ते मे महिन्यातच कुणाला "ये, तुझं बघू" असं सांगू शकतात. एकदाच आलेल्या पाच लाखांनी एखादी खोली बांधून होते, पण त्यांच्या भरवशावर पुढच्या वर्षी कुणाला बोलावता येत नाही.

हे काही नवीन नाही. डिसेंबर १८८७ मध्ये अमेरिकेत बॉस्टनला, पंडिता रमाबाईंच्या कामाला पैसे पुरवण्यासाठी, रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. ठिकठिकाणच्या 'रमाबाई सर्कल'मधल्या माणसांनी दहा वर्षं दरवर्षी ठरावीक रक्कम द्यायचं कबूल केलं. त्या कबुलीच्या बळावर पंडिता रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन ही विधवांसाठीची शाळा उघडली.

पैसे पाठवण्याआधी संस्था तपासा. आपलंच कॉलेज आहे, सर ओळखीचे आहेत, हे पुरेसं नाही. संस्थेचं नोंदणीकृत नाव बहुतेक वेळा कॉलेजच्या नावाहून वेगळं असतं. ते नाव, धर्मादाय आयुक्तांकडचा नोंदणी क्रमांक, पॅन आणि ८०जीची (देणगीदाराला करसवलत मिळवून देणाऱ्या कलमाची) मान्यता कधीपर्यंत आहे, एवढं कार्यालयातून लेखी मागून घ्या. गेल्या वर्षीचा लेखापरीक्षण अहवालही मागा. कुणाच्या कपाळावर आठ्या पडल्या तर पडू द्या, मी बँकेत त्या रोज बघत होते. विश्वस्त कोण, यावरून वाद चालू असेल तर तो मिटेपर्यंत थेट खात्यात मोठी रक्कम टाकू नका; ओळखीच्या विद्यार्थ्याची फी पावती घेऊन भरा. आणि खातं संस्थेच्याच नावाचं हवं. प्राचार्यांच्या मोबाइलवर पैसे टाकणं, प्राचार्य कितीही सज्जन असले तरी, नाही.

सोबत चार ओळींचं पत्र द्या. मी हाच मजकूर सुचवते: "ही देणगी वसतिगृह व परीक्षा फीच्या मदतीसाठी आहे. विद्यार्थ्याची निवड कॉलेजने गरज पाहून करावी. रक्कम उरल्यास प्राचार्यांनी योग्य वाटेल त्या शैक्षणिक खर्चासाठी वापरावी." शेवटचं वाक्य गाळू नका, नाहीतर उरलेले पैसे तुमच्या पत्रापायी अडकून पडतात. आणि 'फक्त ख्रिस्ती मुलांसाठी' असं लिहू नका. मदत कुणाला लागते ते वर्गात दिसतंच. शिवाय जी संस्था एका विशिष्ट धर्मसमाजाच्याच हितासाठी आहे, तिला साधारणपणे ८०जी मिळत नाही. सर्वांसाठी खुल्या कला-वाणिज्य कॉलेजला ती मिळू शकते, पण निव्वळ धर्मशिक्षण देणाऱ्या बायबल कॉलेजला सहसा नाही. तिथे द्यायचं असेल तर जरूर द्या, फक्त सवलत धरून चालू नका.

आता गुप्तदान. उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. आयकर खात्याला मात्र दोन्ही हातांचे पत्ते लागतात. शैक्षणिक संस्थेला आलेल्या निनावी देणग्या एक लाख रुपये किंवा एकूण देणग्यांच्या पाच टक्के, यातली जी रक्कम जास्त असेल तिच्या वर गेल्या, की त्यावर ३० टक्के कर लागतो. चर्चमधल्या सुगीच्या सणाच्या लिलावात एक भोपळा सहा माणसांनी मिळून चढवत नेला आणि सगळ्यांनी नोटा एकाच ताटात टाकल्या, असं होतंच. मजा येते. पण ते पैसे कॉलेजला जाणार असतील तर ताटाशेजारी वही घेऊन कुणालातरी बसवा, प्रत्येकाचं नाव-पत्ता लिहा, पावती फाडा. माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपमध्येही एकाने सगळ्यांचे पैसे गोळा करून पाठवू नयेत. ज्याच्या खात्यातून पैसे जातात, प्रमाणपत्र त्याच्या पॅनवर येतं, आणि मग बाकीचे वर्षभर विचारत बसतात.

कराचं थोडक्यात. जुन्या करपद्धतीत अशा संस्थेला दिलेल्या रकमेच्या निम्मी वजावट मिळते, तीही उत्पन्नाच्या १० टक्क्यांच्या मर्यादेत. १२,००० दिले, तुम्ही २० टक्क्यांच्या टप्प्यात आहात, तर उपकरासकट १,२४८ रुपये वाचतात. रोख २,००० च्या वर दिली तर वजावट नाही. तांदळाची पोती, पुस्तकं, पंखे यांवरही नाही. नव्या करपद्धतीत तर ही वजावटच नाही, तेव्हा हा हिशोब सोडून द्या. वर्ष संपल्यावर संस्थेने आयकर खात्याकडे देणगीदारांची यादी भरून तुम्हाला प्रमाणपत्र द्यायचं असतं. ज्याला आपण १०बीई म्हणत आलो, ते. मुदत ३१ मे. नुसत्या पावतीवर वजावट मागू नका. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू झाल्याने कलमांचे आकडे बदलले आहेत, म्हणून पावतीवर काय छापलंय ते सीएला दाखवून घ्या.

परदेशातल्या भाचे-पुतण्यांना एकच प्रश्न विचारा: पासपोर्ट कुठला? भारतीय पासपोर्ट असेल तर, ग्रीन कार्ड असलं तरी, स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेले पैसे परदेशी देणगी ठरत नाहीत. पासपोर्टची प्रत कॉलेजच्या फायलीला लावा. नागरिकत्व बदललं असेल, भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं ओसीआय कार्ड असलं तरीही, संस्थेकडे एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी हवी आणि पैसे स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या तिच्या खात्यातच यायला हवेत. नोंदणी नसेल तर नको म्हणा. चुकून साध्या खात्यात आलेले डॉलर कॉलेजला महागात पडतात.

मदत मिळालेल्या मुलीचं आभाराचं पत्र, फोटो वगैरे मागू नका. किती जणांची फी भरली आणि किती शिल्लक राहिली, एवढं ऑगस्टमध्ये विचारा.

आपल्यामागेही हे चालू राहावं असं वाटत असेल तर मृत्युपत्रात लिहा. भारतीय वारसा कायद्याच्या कलम ११८ मुळे ख्रिस्ती माणसाला जवळचे नातलग असताना मृत्युपत्राने धर्मादाय देणगी द्यायला जाचक अटी होत्या. सर्वोच्च न्यायालयाने ते कलम २००३ मध्ये रद्द केलं. आता दोन साक्षीदारांसमोर सही केलेलं साधं मृत्युपत्र पुरतं. त्यात 'आमचं कॉलेज' असं न लिहिता संस्थेचं नोंदणीकृत नाव आणि क्रमांक लिहा, रक्कम कायम निधीत ठेवून तिच्या व्याजातून फी भरावी असं स्पष्ट म्हणा, आणि मुलांना ते आत्ताच सांगून ठेवा.