कडाक्याच्या थंडीत राहण्याच्या (कॅम्पिंग) ट्रेलरचे पाइप फुटू नयेत म्हणून

पाणी गोठलं की त्याचं आकारमान सुमारे 9 टक्क्यांनी वाढतं. पण पाइप बहुतेकदा बर्फ जमला त्या जागी फुटत नाही. बर्फ आणि बंद नळ यांच्यामध्ये कोंडलेल्या पाण्यावर दाब चढत जातो आणि त्या टप्प्यातला कमकुवत सांधा जातो. पेक्स या प्लास्टिकचा लवचीक पाइप पुष्कळदा तग धरतो. तडकतात ते प्लास्टिकचे एल्बो (काटकोनी जोड), टॉयलेटचा व्हॉल्व्ह, बाहेरचा शॉवर आणि पंपाच्या तोंडाशी असलेली गाळणी.

मुक्कामात रात्री पारा शून्याखाली उतरणार असेल, तर दिवसाच ताज्या पाण्याची टाकी भरून घ्या, बाहेरच्या नळाचा होज काढून निथळवा आणि ट्रेलरच्या 12 व्होल्टच्या पंपावर काम चालवा. सिंकखालची कपाटं उघडी राहू द्या. खोलीसाठी गॅसची फर्नेसच (गरम हवा सोडणारी भट्टी) वापरा. बऱ्याच ट्रेलरमध्ये तिची गरम हवा तळाच्या पोकळीतही जाते. इलेक्ट्रिक हीटरने खोली उबदार झाली की थर्मोस्टॅट फर्नेस सुरूच होऊ देत नाही. वर आपण उबेत झोपतो आणि खाली टाक्या गोठतात. ही चूक बऱ्याचदा होते.

ग्रे टाकीचा, म्हणजे सिंक-शॉवरच्या सांडपाण्याच्या टाकीचा, व्हॉल्व्ह बंदच ठेवा. तो उघडा राहिला तर थेंबथेंब सांडपाणी होजमध्ये थरावर थर गोठत जातं. टाकी बरीच भरली की एकदम सोडा.

गाडी हलवण्याआधी किंवा ट्रेलर तसाच उभा ठेवण्याआधी सगळं पाणी काढा. वॉटर हीटर बंद करून पूर्ण थंड होऊ द्या, दाब सोडा, मगच त्याचा प्लग काढा. गरम असताना काढला तर कढत पाणी अंगावर येतं. रिकामा हीटर चुकूनही सुरू करू नका, एलिमेंट जळतं. ताज्या पाण्याच्या टाकीचा आणि तळाचे ड्रेन उघडा, गरम-थंड सगळे नळ मोकळे सोडा. नळ वाहायचे थांबले तरी गाळणीच्या वाटीत पाणी उरलेलंच असतं, म्हणून ती फिरवून काढा, रिकामी करा आणि परत बसवा.

नंतर ड्रेन आणि नळ बंद करा, हीटर बायपासवर टाका, म्हणजे त्याला वगळून प्रवाह जाईल, आणि पंपाने 8 ते 11 लिटर गुलाबी आरव्ही अँटिफ्रीझ (अशा ट्रेलरसाठीचा, सहज न गोठणारा द्रव) ओढा. एकेक नळ गुलाबी धार येईपर्यंत उघडा. बाहेरचा शॉवर आणि टॉयलेटही विसरू नका. सिंक-शॉवरखालच्या प्रत्येक ट्रॅपमध्ये (वाकलेल्या पाइपात) कपभर ओता. हे अँटिफ्रीझ बहुतेकदा प्रॉपिलीन ग्लायकॉलचं असतं. मोटारीच्या इंजिनाचं एथिलीन ग्लायकॉल विषारी आहे, ते पिण्याच्या पाइपात कधीही घालू नका.

एखादा पाइप गोठलाच तर पंप बंद करा, नळ उघडा आणि नळाच्या बाजूने बर्फाकडे सरकत हेअर ड्रायरने गरम करा. आगीची ज्योत नको. पाणी मोकळं झालं की सगळे नळ बंद करून पंप लावा. तो थांबून थांबून पुन्हा सुरू होत असेल, तर कुठेतरी गळती आहे. आधी गाळणी बघा.