ब्रॉयलर पिल्लं मागवताय? मग या चुका टाळा

हॅचरीतून निघालेलं पिल्लू पोटात शिदोरी घेऊनच येतं. अंड्यातला उरलेला बलक त्याच्या पोटात असतो आणि त्यावर ते दोन-तीन दिवस तग धरतं. शंभर पिल्लांचा डबा दूरच्या तालुक्याला जिवंत पोचतो तो यामुळेच. नवखे लोक मात्र त्यावरून पिल्लं टणक असतात असं धरून चालतात. मग चौथ्या आठवड्यात प्रश्न येतो, ‘पक्षी वाढत नाहीत, कोणतं औषध देऊ?’ वाढ बहुतेक वेळा पहिल्याच दिवशी मार खाते, आणि पाच-सहा आठवड्यांत विकायच्या पक्ष्याला ती भरून काढायला वेळच मिळत नाही.

सगळ्यात महाग पडणारी चूक म्हणजे डबा दारात आल्यावर बल्ब लावणं. अर्ध्या तासात हवा तापते, पण फरशी आणि भाताचं तूस गारच राहतं. थर्मामीटर माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर टांगलेला, त्यात 33 अंश, आणि पिल्लाच्या पायाखाली जेमतेम 24. ब्रूडिंग, म्हणजे पिल्लांना ऊब देणं, किमान 12 तास आधी सुरू करा, थंडीत पूर्ण एक दिवस आधी. तूस दोन-तीन इंच हवं आणि थर्मामीटर पिल्लाच्या पाठीच्या उंचीवर. पहिल्या आठवड्यात 32-33 अंश ठेवा, पुढे दर आठवड्याला दोन-तीन अंशांनी उतरवा. पिल्लाचे पाय आपल्या गालाला लावून बघा. गार लागले तर थर्मामीटर काहीही म्हणो, उष्णता कमी आहे.

गारठलेलं पिल्लू खात-पीत नाही, एकमेकांवर चढून बसतं. बलक नीट जिरत नाही, बेंबी सुजते आणि तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून मर सुरू होते. म्हणून पहिल्या रात्री झोपण्याआधी वीस-तीस पिल्लं हातात घेऊन गळ्याखालची खाद्यपिशवी चाचपा. ती भरलेली आणि मऊ हवी. कडक लागली तर खाद्य पोटात गेलंय, पाणी नाही. दुसऱ्या दिवशी याच वेळेपर्यंत जवळपास सगळ्यांची पिशवी भरलेली असली पाहिजे. सातव्या दिवशी वजन करा. आलं तेव्हा 40-42 ग्रॅमचं असलेलं पिल्लू 170-180 ग्रॅमच्या पुढे गेलेलं हवं. ते 130 वर अडकलं असेल तर टॉनिकच्या बाटल्या आणू नका, ब्रूडिंगमध्ये काय चुकलं ते शोधा.

गुळाचं पाणी पहिले काही तासच द्या. दिवसभर दिलं तर विष्ठा पातळ होऊन शेपटीखाली चिकटते आणि गुदद्वार बंद होतं. तसं दिसलं तर कोमट पाण्याच्या बोळ्याने पुसा, ओढून काढू नका. सुरुवातीला तुसावर गुळगुळीत कागद अंथरला असेल तर तो तिसऱ्या दिवशी काढा, त्यावर घसरून पाय फाकतात.

दुसरी मोठी चूक हिवाळ्यातली, आणि ती काळजीपोटीच होते. नमुना नेहमी एकच: रात्री वारा लागू नये म्हणून चारी बाजूंना ताडपत्री घट्ट बांधलेली, आत कोळशाची शेगडी आणि 24 तास दिवा. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात नेमके मोठे पक्षी मरू लागतात. तुरा निळसर, थंडीतही चोच उघडी, पोट ताठ. मालक गंबोरो हा साथीचा रोग समजून दुकानातून अँटिबायोटिक आणतो, आठवडाभर पाण्यातून देतो आणि मर थांबत नाही. मेलेला पक्षी उघडला की पोटातून पिवळसर पाणी वाहतं आणि हृदयाची उजवी बाजू फुगलेली दिसते. हे पोटात पाणी होणं म्हणजे ऑक्सिजनची तूट आहे. ब्रॉयलरचं मांस झपाट्याने वाढतं, फुप्फुसं त्या मानाने लहान, थंडीत गरज आणखी वाढते आणि शेगडी असलेली हवाही खाते. हृदय जोर लावत राहतं आणि शेवटी यकृतातून द्रव पोटात झिरपतो. यावर औषध नाही, पुढचे पक्षी मात्र वाचवता येतात.

पडदा खालून बांधलेला आणि वरून उघडणारा हवा. उलटा असेल तर वारा थेट पक्ष्यांच्या अंगावर येतो. पहिल्या आठवड्यानंतर रात्रीही वाऱ्याच्या विरुद्ध बाजूला वर फूटभर फट ठेवा. पहाटे शेडमध्ये उकिडवं बसून मिनिटभर श्वास घ्या. डोळे चुरचुरले तर अमोनिया जास्त झालाय. तूस खालवर करा, ओलं झालेलं बाहेर काढा. आठवड्यानंतर रात्री चार-सहा तास अंधार द्या. वजन लवकर यावं म्हणून सतत दिवा ठेवणारे लोक लंगडे आणि अचानक उलथून मरणारे पक्षी वाढवतात.

बाकी चुका थोडक्यात. विक्रीच्या वजनाला पक्ष्यामागे एक चौरस फूट जागा लागते, दाटीत पक्षी लहान-मोठे होतात. अंडी देणाऱ्या कोंबडीचं खाद्य ब्रॉयलरला देऊ नका, त्यातलं कॅल्शियम मूत्रपिंड निकामी करतं. बुरशी धरलेला मका स्वस्त मिळाला तरी घेऊ नका.

राणीखेत (मानमोडी) रोगावरची लासोटा लस पिल्लू पाच ते सात दिवसांचं असताना डोळ्यात, गंबोरोची लस 12-14 दिवसांचं असताना पाण्यातून. टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकलेल्या पाण्यात लस मरते, म्हणून टीसीएल एक दिवस आधीपासून बंद. लिटरमागे पाच ग्रॅम बिनसायीची दूध पावडर घाला आणि दोन तासांत सगळं पाणी संपेल एवढंच द्या.

रक्ती हगवण भांड्याखालच्या ओल्या तुसातून येते. भांड्याची कड पक्ष्याच्या पाठीच्या उंचीवर ठेवा. तिच्यावरच्या अँप्रोलियम या औषधासोबत बी-कॉम्प्लेक्स दिलं तर औषधाचा परिणाम मारला जातो, आणि हे हमखास घडतं.

आणि कॉलिस्टिन हे अँटिबायोटिक मागू नका. खाद्यासाठीच्या जनावरांत ते 2019 पासून देशात बंद आहे. इतर कोणतंही अँटिबायोटिक दिलं तर लेबलवरचे दिवस संपेपर्यंत पक्षी विकू नका. ते मांस कुणाच्या तरी घरी पोरं खाणार असतात.

उन्हाळ्यात विदर्भ-मराठवाड्यात सकाळी दहा ते संध्याकाळी पाच खाद्य उचला, गार पाणी सतत ठेवा, पत्र्यावर पाचट टाकून ओलं ठेवा.

मेलेले पक्षी ओढ्यात किंवा कुत्र्यांना टाकू नका. खोल खड्डा, वर चुना. एकदम मर वाढली तर त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा. नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला 2006 मध्ये बर्ड फ्लूने काय झालं ते राज्यातल्या कोंबडीवाल्यांनी पाहिलंय. लपवलेली मर पहिल्यांदा शेजाऱ्याच्या शेडमध्ये पोचते.