माउंट असलेली डिस्क एफएससीकेने दुरुस्त करू नका: आधी अनमाउंट, मग तपासणी

फाइलसिस्टम (डिस्कवर फाइली मांडण्याची रचना) माउंट म्हणजे सिस्टमला जोडलेली असते तोवर सुपरब्लॉक (तिची मुख्य माहिती), मोकळ्या ब्लॉकचे बिटमॅप (कोणते ब्लॉक रिकामे याची नोंद), वापरातले इनोड (प्रत्येक फाइलची नोंद) यांच्या प्रती कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, मेमरीत बाळगतो. एफएससीके (फाइलसिस्टम तपासून दुरुस्त करणारे टूल) मात्र कर्नलला न विचारता थेट डिस्कवर लिहितो. त्याने बिटमॅप सुधारला, तरी थोड्याच वेळात कर्नल आपली जुनी प्रत त्यावर लिहून टाकतो. मग एकच ब्लॉक दोन फाइलींच्या नावे लागतो आणि चांगला डेटाही जातो. ईएक्सटी४ (लिनक्सची नेहमीची फाइलसिस्टम) वर टूल स्वतःच बजावते आणि तरी पुढे जायचे का, असे विचारते. त्या प्रश्नाला कधीही ‘हो’ म्हणू नका.

आधी ‘फाइंडमाउंट’ने पार्टिशन कुठे माउंट आहे ते पाहा आणि ‘यूमाउंट’ करा. ‘टार्गेट इज बिझी’ आले, तर ‘फ्यूजर -व्हीएम’ दोषी प्रोसेस दाखवतो. बहुतेकदा त्याच फोल्डरमध्ये उघडे राहिलेले टर्मिनल निघते. कंटाळून ‘यूमाउंट -एल’ वापरू नका. फोल्डर नजरेआड होतो, पण शेवटची फाइल बंद होईपर्यंत कर्नल फाइलसिस्टम सोडत नाही.

‘डीमेसेज’मध्ये (कर्नलच्या संदेशांत) आय/ओ एरर, म्हणजे वाचन-लेखनाच्या चुका, दिसत असतील तर डिस्कच मरत असू शकते, आधी डीडीरेस्क्यूने (खराब डिस्कवरून डेटा काढणारे टूल) प्रत काढा आणि दुरुस्ती त्या प्रतीवर करा.

आता ‘ई२एफएससीके -एन’ (ईएक्सटी४चा एफएससीके): हा फक्त वाचतो. (माउंट असताना चालवला तरी नुकसान नाही, पण डेटा बदलत असल्याने खोट्या चुका दिसतात.) मग ‘-एफ’ देऊन खरी तपासणी, त्याशिवाय ‘क्लीन’ खूण असलेली फाइलसिस्टम तो न तपासताच सोडतो. ‘-पी’ सुरक्षित दुरुस्त्याच करतो, ‘-वाय’ सगळ्याला होकार देतो. एक्झिट कोड १ म्हणजे चुका दुरुस्त झाल्या, ४ म्हणजे काही उरल्या. ० येईपर्यंत पुन्हा चालवा, मग ‘लॉस्ट+फाउंड’ (सापडलेल्या बेवारस फाइलींचा फोल्डर) चाळा.

रूट पार्टिशन (ज्यावर सिस्टम स्वतः आहे) चालू सिस्टमवर अनमाउंट होत नाही. लाइव्ह यूएसबीवरून बूट करा, किंवा सिस्टमडी (सेवा सुरू करणारा प्रोग्रॅम) असेल तर ग्रबमध्ये (बूटच्या मेनूत) ‘ई’ दाबून लिनक्सच्या ओळीअखेर ‘एफएससीके.मोड=फोर्स’ जोडा.

एक्सएफएसवर (दुसऱ्या एका फाइलसिस्टमवर) ‘एफएससीके’ काहीच करत नाही; तिथे ‘एक्सएफएस_रिपेअर’ लागतो. लॉग (अजून डिस्कवर लागू न झालेल्या बदलांची नोंद) शिल्लक असल्याची तक्रार आली, तर एकदा माउंट करून अनमाउंट करा, म्हणजे लॉग लागू होतो. माउंटच होत नसेल तरच मोठ्या एलचा ‘-एल’. तो लॉग पुसतो आणि ताजे बदल त्याबरोबर जातात.