एफवायला केमिस्ट्री डोक्यावरून जातेय? आधी अकरावी तपासा

बारावीला केमिस्ट्रीत ऐंशीच्या वर मार्क आणि एफवायच्या पहिल्याच टेस्टला भोपळा, असं ठाण्यात दरवर्षी कुणाचं ना कुणाचं होतंच आणि मग घरचे कॉलेजला नावं ठेवतात. पण घोळ बहुतेक वेळा अकरावीतच झालेला असतो. सीईटीला अकरावीचं वेटेज २० टक्के, बारावीचं ८०, मग क्लासवाले अकरावी उरकून टाकणारच ना, आणि मोल कन्सेप्ट, म्हणजे पदार्थाचे कण मोजायचं गणित, नेमका अकरावीत.

म्हणून ॲडमिशन झाली की आधी हे गणित करा, पुस्तक न उघडता. ४ ग्रॅम हायड्रोजन आणि १६ ग्रॅम ऑक्सिजन, पाणी किती बनेल? पटकन २० म्हणालात तर मोल परत पहिल्यापासून. हायड्रोजन २ मोल आहे, ऑक्सिजन अर्धा मोलच, तो आधी संपतो, म्हणून पाणी १८ ग्रॅम आणि २ ग्रॅम हायड्रोजन तसाच पडून. अशी दहा-पंधरा गणितं हाताने सोडवा, व्हिडिओ बघून काही होत नाही. अकरावीचं पुस्तक रद्दीत गेलं असेल तर ई-बालभारतीवर फुकट मिळतं.

पीसीबीवाल्यांनो, म्हणजे गणित सोडून बायो घेतलेल्यांनो, तुमचं दुखणं वेगळं. २००७ साली सॅडलर आणि ताई यांचा अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांवरचा अभ्यास आला होता, त्यात शाळेत बायो किंवा फिजिक्स जास्त केल्याचा कॉलेजच्या केमिस्ट्रीत खास फायदा दिसला नाही, शाळेतली केमिस्ट्री आणि गणित मात्र कामी आलं. तेव्हा लॉग शिकून घ्या. पीएच ५ वरून ३ झाला म्हणजे हायड्रोजन आयन शंभर पट वाढले हे चटकन कळत नसेल तर पुढे बफर आला की रडारड ठरलेली.

प्रॅक्टिकलचं तर विचारूच नका, मित्राच्या जर्नलमधून रीडिंग उतरवून बारावी निघते, इथे नाही निघत. ०.१ नॉर्मल ऑक्झॅलिक ॲसिड २५० मिली करायला १.५७५ ग्रॅम का लागतं ते घरी कागदावर काढून बघा. त्यातले पाण्याचे दोन रेणू विसरलात की रेणुभार १२६ च्या जागी ९० धरता आणि पुढचं सगळं टायट्रेशन बोंबलतं.

ऑरगॅनिकमध्ये रिॲक्शनची नावं विसरलात तरी सध्या चालेल, पण इंडक्टिव्ह इफेक्ट आणि रेझोनन्सचा धडा वाशी-ठाणे लोकलमध्ये का होईना वाचून जा, सर ते येतंच असं धरून थेट मेकॅनिझमला हात घालतात.