लिंगओळख शोधताना स्वतःचे फोटो कसे काढावेत

आपण बाई आहोत, पुरुष आहोत, थोडं दोन्ही आहोत की यातलं काहीच नाही, हा प्रश्न कुणाला शाळेत पडतो, कुणाला पन्नाशीत. बोलायला माणूस मिळतंच असं नाही, आणि ठाण्यातल्या वन बीएचकेत एकटं बसायला कोपराही मिळत नाही. अशा वेळी हातातला फोन खरोखर कामाला येतो. फोटो निकाल देत नाही, पण कुठल्या रूपात आपला जीव मोकळा होतो ते हळूहळू दाखवतो.

ही वाट जुनी आहे. फ्रान्समधल्या नाँत शहरात १८९४ साली जन्मलेल्या कलावंत क्लोद काउं यांनी १९२०च्या दशकात कधी केस भादरून, कधी सूट घालून, कधी बाहुलीसारखे गाल रंगवून स्वतःच्या छबी टिपल्या. बरेचदा जोडीदार मार्सेल मूर मदतीला असत. त्यातल्या बहुतेक छबी काउं यांच्या हयातीत लोकांसमोर आल्याच नाहीत. तुमचेही फोटो कुणाला दाखवायलाच हवेत असं अजिबात नाही.

आधी फोनची व्यवस्था

ही पायरी कंटाळवाणी वाटेल, पण ती टाळू नका. घरातल्या टीव्हीवर किंवा भावंडाच्या फोनवर तुमचंच गुगल खातं चालू असेल, तर दुपारी काढलेला फोटो रात्री हॉलमध्ये झळकू शकतो. म्हणून फोटो काढण्याआधी बॅकअप बंद करा, कॅमेऱ्याच्या सेटिंगमधलं लोकेशन बंद करा. काढलेले फोटो लॉक्ड फोल्डरमध्ये, म्हणजे कुलूप लावलेल्या फोल्डरमध्ये हलवा. डिलीट केलं म्हणजे गेलं असंही समजू नका. बॅकअप झालेला फोटो गुगल फोटोजच्या ट्रॅशमध्ये ६० दिवस राहतो, आयफोनमध्ये डिलीट केलेला फोटोही महिनाभर सापडू शकतो. ट्रॅश आपल्या हातानं रिकामा करा.

खिडकी, अंतर, उंची

स्टुडिओ लागत नाही. दिवसा ट्यूबलाइट बंद करा आणि खिडकीचा उजेड घ्या. पावसाळ्यातलं ढगाळ आभाळ तर फार उपयोगी, कारण तो उजेड मऊ असतो. फोन स्टँडवर किंवा दोन डब्यांच्या मध्ये उभा करा, मागचा कॅमेरा वापरा आणि दहा सेकंदांचा टायमर लावा.

पाच-सहा फूट लांब उभे राहा. हाताच्या अंतरावरून काढलेल्या सेल्फीत नाक मोठं आणि कान मागे गेलेले दिसतात. तो जवळून काढल्याचा परिणाम आहे, तुमचा चेहरा तसा नसतो. ब्यूटी मोड बंद करा. बऱ्याच फोनमध्ये तो आधीपासून चालू असतो आणि कातडी गुळगुळीत करून टाकतो. आपल्याला इथे खरा चेहरा पाहायचाय. आणखी एक गोष्ट: आपण जन्मभर आरशातला उलटा चेहरा पाहिलेला असतो, त्यामुळे सुलट फोटो पहिल्यांदा परकाच वाटतो. सगळ्यांनाच वाटतो. त्या परकेपणावरून स्वतःबद्दल काही ठरवू नका.

आता एक प्रयोग कराच. खिडकी एका बाजूला ठेवून फोटो काढा: जबडा, गालाची हाडं, ओठांवरची लव ठळक होते. मग त्याच कपड्यात खिडकीकडे तोंड करा: चेहरा निवळतो. कॅमेरा हनुवटीच्या खाली नेला की जबडा आणि खांदे भारदस्त दिसतात, डोळ्यांच्या जरा वर नेला की डोळे मोठे आणि जबडा लहान. माणूस तोच, सदरा तोच. ज्याला लोक ‘बायकी’ किंवा ‘पुरुषी’ चेहरा म्हणतात, त्यातलं कितीतरी उजेडाचं देणं असतं, हे स्वतःच्या चेहऱ्यावर पाहिलं की मनावरचं मोठं ओझं उतरतं.

एका वेळी एकच बदल

सगळा साज एकदम चढवला की नेमकं काय भावलं ते कळत नाही. एक टिकली घ्या. आधी टिकलीविना फोटो, मग टिकली लावून, मग तीच टिकली आणि कॉलरचा, वरपर्यंत बटणं लावलेला शर्ट. प्रत्येक वेळी खांदे वर गेलेत की सैल झालेत, श्वास कुठे अडला, ते लगेच लिहून ठेवा. शरीर मनाच्या आधी बोलतं.

कपड्यांपेक्षाही बसण्या-उभं राहण्यावर जास्त वेळ द्या, असं माझं ठाम मत आहे. ‘पाय जवळ घेऊन बस’, ‘मुलासारखा मुलगा, ताठ उभा राहा’ हे लहानपणापासून अंगात मुरलेलं असतं. खुर्चीत आधी सवयीनं बसा. मग पाय पसरून, मग एक पाय दुमडून. हात मांडीवर, कमरेवर, खिशात. कुठल्या फोटोत तुम्ही आज्ञा पाळताय आणि कुठल्यात नुसते बसलाय, हे पाहणाऱ्याला लगेच दिसतं.

छाती सपाट दिसावी म्हणून इलॅस्टिक बँडेज मात्र कधीही गुंडाळू नका. श्वासाबरोबर ते आणखी आवळतं आणि बरगड्यांना इजा होऊ शकते. स्पोर्ट्स ब्रा आणि सैल शर्ट पुरतो.

बाहेर जायचंच असेल तर सकाळी लवकर ठाण्याचा उपवन तलाव किंवा वाशीचा सागर विहार, आणि सोबत विश्वासातलं माणूस. संध्याकाळचा ठाण्यातल्या तलावपाळीचा परिसर गजबजलेला असतो, तो या कामाचा नाही.

फोटो पाहणं

काढल्या काढल्या फोटो चाळू नका. तेव्हा डोळा फक्त पुळ्या आणि पोट शोधतो. काही दिवस जाऊ द्या. मग निवडताना ‘छान’ आणि ‘वाईट’ असे ढीग करू नका. ‘ओळखीचा’, ‘अनोळखी’ आणि ‘अजून कळत नाही’ असे करा. तिसरा ढीग मोठा झाला तरी चालेल, तोच पुन्हा पुन्हा पाहण्यासारखा असतो.

प्रत्येक ओळखीच्या फोटोखाली एक-दोन वाक्यं लिहा. ‘मी खिडकीशी बसलोय’ आणि ‘मी खिडकीशी बसलेय’, दोन्ही लिहून मोठ्यानं वाचा. एखादं जिभेवर सहज बसतं, एखादं टोचतं. दोन्ही टोचली तर ‘खिडकीशी बसणं झालं’ असंही लिहून पाहा.

आपली लिंगओळख ठरवण्याचा अधिकार ज्याचा त्याला आहे, हे सर्वोच्च न्यायालयानं तृतीयपंथीयांच्या हक्कांबद्दलच्या १५ एप्रिल २०१४च्या नालसा निकालात मान्य केलं. तेव्हा हे फोटो पुरावा म्हणून जमवू नका. आणि फोटो पाहून जीव कासावीस होत असेल, झोप उडत असेल, तर काम थांबवा. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर फोन मोफत लागतो आणि मराठीतही बोलता येतं. मुंबईत हमसफर ट्रस्ट १९९४पासून एलजीबीटी लोकांसाठी काम करतो, तिथेही विचारता येईल.

फोटो कागदावर हवे असतील तर आपल्या गल्लीतल्या दुकानात जाऊ नका, छापणारा माणूस प्रत्येक फोटो पाहतो. ठाण्यात राहत असाल तर वाशीला जा, वाशीत असाल तर ठाण्याला. ट्रान्सहार्बर लोकल थेट जाते. पेन ड्राइव्हवर फक्त छापायचेच फोटो न्या, आणि छापून झाल्यावर दुकानाच्या संगणकावरून ते तुमच्यासमोर डिलीट करून घ्या.