पाइप मागवताना: माप, जाडी आणि आटे

दोन इंची पाइपला कॅलिपर लावून पाहिला, तर ५०.८ मिलिमीटर हे माप त्यावर कुठेही सापडत नाही. बाहेरचा व्यास ६०.३ मिलिमीटर भरतो आणि आतला व्यास भिंतीच्या जाडीप्रमाणे बदलत जातो (ही जाडी ‘शेड्यूल’ नावाच्या क्रमांकाने सांगतात; क्रमांक मोठा तशी भिंत जाड): शेड्यूल ४० मध्ये ५२.५, शेड्यूल ८० मध्ये ४९.२, शेड्यूल १६० मध्ये ४२.८. म्हणजे ‘दोन इंची’ हे माप नसून नाव आहे. त्याच नावाला आपल्याकडे ५० एन.बी. (नॉमिनल बोअर, म्हणजे नाममात्र आतला व्यास) म्हणतात. बाहेरचा व्यास कायम ठेवण्यामागचे कारण व्यवहारी आहे. पाइप पातळ असो वा जाड, आटे पाडायची डाय, फिटिंग आणि क्लॅम्प तेच चालले पाहिजेत, म्हणून जास्तीचे लोखंड नेहमी आतल्या बाजूला वाढते. १४ इंचांपासून पुढे नाव आणि बाहेरचा व्यास एकच होतात. ट्यूब मात्र पहिल्यापासून प्रत्यक्ष बाहेरच्या व्यासानेच विकली जाते.

बसवलेल्या जुन्या पाइपचे माप काढायचे असेल आणि कॅलिपर हाताशी नसेल, तर पाइपभोवती दोरा गुंडाळून त्याची लांबी ३.१४ ने भागावी. दोरा १८९ मिलिमीटरच्या आसपास भरला, तर पाइप दोन इंची. सव्वा इंची आणि दीड इंची यांत नजरेने हमखास गफलत होते. त्यांचे बाहेरचे व्यास अनुक्रमे सुमारे ४२ आणि ४८ मिलिमीटर असतात.

जाडीच्या बाबतीत बाजारात दोन पद्धती शेजारी शेजारी नांदतात आणि खरा घोळ तिथेच होतो. आय.एस. १२३९ या भारतीय मानकाप्रमाणे पाइप ए, बी आणि सी अशा तीन वर्गांत मिळतो; ओळखीसाठी त्यावर अनुक्रमे पिवळा, निळा आणि लाल पट्टा असतो. ५० एन.बी. पाइपची जाडी या वर्गांत २.९, ३.६ आणि ४.५ मिलिमीटर असते. ए.एस.एम.ई. बी ३६.१० या अमेरिकी मानकाप्रमाणे मात्र जाडी शेड्यूलने सांगतात आणि त्याच पाइपला शेड्यूल ४० मध्ये ३.९१, तर शेड्यूल ८० मध्ये ५.५४ मिलिमीटर जाडी मिळते. ‘सी क्लास म्हणजेच शेड्यूल ४०’ असे दुकानात सर्रास सांगितले जाते, पण ते खरे नाही. दोन इंचीत सी क्लास शेड्यूल ४० पेक्षा जाड असतो, तर चार इंचीत हिशेब उलटतो: सी क्लास ५.४ आणि शेड्यूल ४० ची जाडी ६.०२ मिलिमीटर. शिवाय दोन्हींचे पोलाद आणि चाचण्या वेगळ्या असल्यामुळे केवळ जाडी जुळली म्हणून एकाच्या जागी दुसरा बसवू नये.

आता आटे. आपल्याकडच्या पाण्याच्या आणि हवेच्या लाइनींवर बहुधा बी.एस.पी. (ब्रिटिश स्टँडर्ड पाइप) आटे असतात, त्यांचा कोन ५५ अंशांचा असतो आणि तो जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ मध्ये मांडलेल्या पद्धतीतून आला आहे. अमेरिकी यंत्रांवर एन.पी.टी. ही निमुळत्या आट्यांची अमेरिकी पद्धत असते, त्याचा कोन ६० अंश. निमुळते बी.एस.पी. आणि एन.पी.टी. या दोन्हींचा उतार सोळास एक असतो, तर सरळ बी.एस.पी. आट्यांवर गळती थांबत नाही, तिथे वॉशर किंवा ओ-रिंग लागते. अर्धा आणि पाऊण इंचीत दोन्ही पद्धतींचे इंचाला १४ आटे असल्यामुळे एक दुसऱ्यात शिरतो, घट्टही होतो, आणि दाब चढताच गळू लागतो. एक इंचापासून दोन इंचांपर्यंत बी.एस.पी.चे ११ आणि एन.पी.टी.चे साडेअकरा आटे असतात. एवढा फरक डोळ्यांनी मोजू नये, पिच गेज (आट्यांमधले अंतर तपासायची दातेरी पट्टी) लावावा.

आट्यांचा विचार जाडी ठरल्यावर करून चालत नाही, कारण आटे भिंत खातात. समजा दोन इंची सीमलेस (लांबीत सांधा नसलेल्या) पाइपमध्ये साध्या तापमानाला ४० बार, म्हणजे ४ मेगापास्कल दाब आहे आणि पोलादाला परवानगी असलेला ताण १३८ मेगापास्कल आहे. दाब आणि बाहेरचा व्यास यांचा गुणाकार करून, ताणात दाबाच्या ०.४ पट मिळवून येणाऱ्या आकड्याच्या दुपटीने त्याला भागले, की केवळ ०.८६ मिलिमीटर जाडी पुरते. गंजण्यासाठी दीड मिलिमीटर राखले, तर २.३६ होतात, कारखान्यात पाइप १२.५ टक्क्यांपर्यंत पातळ निघू शकतो, म्हणून ०.८७५ ने भागून २.७० येतात. वेल्डिंगच्या लाइनला शेड्यूल ४० सहज चालेल. पण त्याच पाइपवर एन.पी.टी. आटे पाडायचे असतील, तर त्यांची १.७७ मिलिमीटर खोली भागाकारापूर्वीच मिळवावी लागते आणि गरज ४.७२ मिलिमीटरवर जाते. शेड्यूल ४० तिथे बाद होतो.

म्हणून मागणीपत्रात ‘दोन इंची पाइप’ एवढेच न लिहिता ‘५० एन.बी., शेड्यूल ८०, सीमलेस, ए १०६ ग्रेड बी, दोन्ही टोकांना एन.पी.टी. आटे’ असे पूर्ण लिहावे (ए १०६ ग्रेड बी ही पोलादाची प्रत), आणि माल उतरवून घेताना कापलेल्या टोकाची जाडी एकाच जागी न मोजता चार ठिकाणी मोजावी.